तिसरा हात

बटण पुन्हा पळालं. माऊसचा बाण जवळ गेला की ते टुणकन उडी मारून पडद्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसे. वडिलांनी दातओठ खात त्याचा पाठलाग केला, तर खाली अक्षरं उमटली : ‘आपला संताप आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया वाढवत राहा.’

जेवणाच्या टेबलाभोवती उभी असलेली चौघं पोरं तोंड दाबून हसली. कॉलेजात सगळ्यात वैताग आणणारी वेबसाइट बनवायची स्पर्धा होती. लेकीच्या, म्हणजे चिंगीच्या, चमूने सुट्टीभर खपून ती बनवली होती आणि पहिला बकरा म्हणून वडिलांना बसवलं होतं. वडील लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकाऊ माणसाने भर चौकात गाडी बंद पाडली तरी त्यांच्या कपाळावर आठी पडत नसे. इथे मात्र नाव लिहितानाच घाम फुटला, कारण अक्षरं उलटी उमटत होती. वयाची पट्टी साबणासारखी निसटून त्यांना कधी तीन वर्षांचं करी, कधी तीनशे.

तेवढं निभावलं. शेवटच्या पानावर हे पळपुटं बटण आडवं आलं. की-बोर्डच्या दोन टोकांच्या दोन कळा एकदम दाबून धरल्या तरच ते जागेवर थांबणार होतं, आणि त्याच वेळी माऊसने ते टिपायचं होतं. वडिलांनी एक कळ कोपराने दाबून पाहिली. मग हनुवटीने. पडद्यावर आलं : ‘भलतीच कळ. आपण हनुवटी वापरत आहात का?’

याला तिसरा हात आणायचा कुठून, असं ते पुटपुटले. पोरांनी खांदे उडवले. चमूतल्या कुणी मदत करायची नाही, असा नियम होता.

खिडकीशी आई शिवणयंत्रावर बसली होती. भाचीच्या पहिल्यावहिल्या नाटकाला जाताना रस्ता चुकला, तेव्हापासून दोघांत अबोला होता. कुणाला तरी विचारा, असं ती सांगून थकली होती. हे गाडी हाकत राहिले आणि पोचले तेव्हा पडदा पडलेला. चूक आपली, हे त्यांना कळत होतं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन माघारी फिरत. दूध आणायला सांगायचं असलं तरी निरोप चिंगीमार्फत जाई.

आताही त्यांनी सवयीने लेकीकडे पाहिलं. चिंगी छताकडे बघत होती.

वडिलांनी माऊस खाली ठेवला. घसा खाकरला.

“अगं, मला नाही जमत हे. जरा येतेस?”

शिवणयंत्र थांबलं. आई लगेच उठली नाही. दोरा तोडला, कापडाची घडी केली, मग खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. दोन्ही कळांवर तिने बोटं रोवली.

“आता तरी सरळ चला,” ती म्हणाली.

बटण गपगार उभं राहिलं. वडिलांनी ते दाबलं. पडदा उजळला : ‘अभिनंदन! आता पुन्हा पहिल्यापासून.’

आईला हसू फुटलं, ते आवरेचना. पदर डोळ्यांना लावून ती हसत राहिली, आणि तिच्याकडे बघता बघता वडीलही. त्या हसण्यातच ते म्हणून गेले, की त्या दिवशी विचारायला हवं होतं. हवंच होतं, ती म्हणाली, आणि हसतच त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला.

पोरं लॅपटॉप आवरू लागली. वडिलांनी चिंगीच्या जाड चष्म्याच्या मित्राची पाठ थोपटली. बक्षीस तुमचंच, ते म्हणाले. फक्त परीक्षकांना जोडीने यायला सांगा, नाहीतर शेवटच्या पानावर अडकून बसतील.

“त्यांना हे पान दिसणारच नाही, काका,” तो म्हणाला. “हे चिंगीने आमच्याकडून फक्त तुमच्या घरासाठी करून घेतलंय.”