ट्रॉलीभर केळी

व्यावसायिक सायकलपटू ऋतिकाचं संघातलं काम एकच: कप्तानबाईला पाणी पोचवायचं आणि तिला जिंकू द्यायचं. आज कप्तानबाई आजारी. ‘जिंकलीस तरच पुढचा करार,’ प्रशिक्षक म्हणाले. ‘कागद तयार ठेवा,’ ऋतिका म्हणाली. धुळे-जळगाव रस्त्यावर तिचं गाव आलं, तेव्हा शर्यतीच्या रिवाजाप्रमाणे बाकीच्यांनी तिला घरच्यांना भेटायला पुढे सोडलं. आई बेबाबाई घरच्या मळ्यातली केळी ट्रॉलीभर घेऊन उभी. भुकेल्या ऋतिकानं हात घालताच चापट बसली. ‘तू ते घरनी शे! पहिले पाव्हनास्ले!’ ऋतिका उपाशीच निघाली. मागून आलेल्या पाहुण्या मात्र अडकल्या. ‘एक केळानी काय व्हस? आखो ल्या!’ त्या आग्रहापुढे गतविजेतीचंही काही चाललं नाही. जळगावात ऋतिका एकटीच पोचली. पत्रकारानं यशाचं रहस्य विचारलं. ‘आईनं केळं दिलं नाही,’ ती म्हणाली. पेपरात मथळा आला: ‘गरिबीवर मात!’