लाल दांडा

मांडीएवढी जाड फांदी मशीनच्या तोंडात गेली आणि पापणी लवायच्या आत पलीकडच्या नळीतून भुसा होऊन उडाली. आंब्याच्या ओल्या लाकडाचा वास आवारभर पसरला. काळुरामनं भर दुपारी, चारचौघांत टाळ्या वाजवल्या.

"हीच! हिरामण, हीच घ्यायची!"

पेणला हायवेलगतच्या त्या दुकानाच्या आवारात फांद्यांचा भुसा करणाऱ्या दोन मशिनी मांडून ठेवल्या होत्या. एक मोठी पिवळी, ट्रॅक्टरसारखी गुरगुरणारी. दुसरी हिरवी, बुटकी. तिच्याकडे काळुरामनं अजून धड पाहिलंही नव्हतं.

काळुराम रोह्याकडचा. झाडं छाटायचा, धोक्याची झाडं उतरवायचा त्याचा धंदा. वादळात घरांवर पडलेली झाडं एक कौलही न फोडता काढली, तेव्हापासून बंगलेवाले त्यालाच बोलवायचे. तो वर दोरावर लटकून करवत चालवायचा. खाली बायको, पुतळी, फांद्या ओढायची, मोळ्या बांधायची, टेम्पो भरायची. डहाळ्यांचा डोंगर न्यायला टेम्पोच्या चार चार फेऱ्या व्हायच्या. आता भुसा करून एका फेरीत काम आटपणार होतं. काळुरामला रात्रभर झोप लागली नव्हती.

सकाळी येताना टेम्पोत तो तिला म्हणाला होता, "मशीन आली का तू सुटलीस गो! हिरामण सांभाळील मशीन. तू आता घरी बस, सुखात."

हिरामण त्याचा चुलतभाऊ, धाटावला कंपनीत फिटर. त्याला लोखंडातलं कळायचं. पुतळीनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. ती आनंदातच आहे, असं काळुरामला वाटलं.

आता हिरामण पिवळीच्या इंजिनात डोकं घालून खूश होत होता. दुकानदार कागद आणायला वळला, तेवढ्यात पुतळी पुढं आली.

"मला पन एकदा लावून बघायचीय."

दुकानदार हसला. "बघा की ताई."

तिनं पिशवीतून दोन जुन्या साड्या काढल्या. एकीचं टोक डहाळीला घट्ट बांधलं.

"ह्ये काय गो?" काळुरामनं विचारलं.

"बघा तुमी."

डहाळी तिनं पिवळीच्या तोंडात सारली. मशीननं ती ओढली, मागोमाग साडी सरसर आत जाऊ लागली.

"ताई, बंद करा! तो वरचा लाल दांडा, उजव्या हातानं ओढा!" दुकानदार ओरडला.

"पदरासंगं उजवा हात आत गेलाय असं धरा," पुतळी जागेवरूनच म्हणाली. "आता कशानं ओढू?"

दुकानदार धावला. दांड्यापर्यंत त्याचा हात पोचेतो साडी संपली होती. नळीतून लाल चिंध्यांचा फवारा उडाला आणि भुशाच्या ढिगावर बसला. काळुरामनं त्यातली एक चिंधी उचलली. त्या साडीत त्यानं तिला कितीदा पाहिलं होतं.

कुणी काही बोलायच्या आत पुतळी हिरवीपाशी पोचली होती. हिचा लाल दांडा वर नव्हता. तोंडाच्या भोवतीनं, कमरेच्या उंचीला, कुंपणासारखा फिरवलेला होता. पुतळीनं ती दुकानदाराकडून चालू करून घेतली, दुसरी साडी बांधलेली डहाळी आत सारली, दोन्ही हात हवेत वर धरले आणि साडी ओढली जाताच दांड्याला कंबरेनं धक्का दिला.

खट्ट!

आत ओढणारे रूळ जागच्या जागी थांबले. साडी बाहेर लोंबत राहिली. पुतळीनं मोजून दाखवलं. आत गेली होती फक्त वीतभर.

"आयला!" काळुराम म्हणाला. मग त्यानं स्वतः करून पाहिलं. गुडघ्यानं, कोपरानं, पाठीमागून ढुंगणानंसुद्धा. दर वेळी खट्ट! दर वेळी तो पोरासारखा हसला. दुकानदारही हसायला लागला.

हिरामणला मात्र पिवळी सोडवत नव्हती. "पन वैनी, ही मांडीएवढी फांदी घ्यायची नाय. मनगटाएवढीच घेते."

"मांडीएवढं लाकूड आपण भुसा करायला टाकतो का भावजी? त्ये जळणाला जातं, त्याला गिऱ्हाईक हाय. राहतात त्या डहाळ्या नि झावळ्या. पाच वर्षं मीच भरतेय टेम्पो, मला ठावं."

हिरामणनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा हिरवीकडे, आणि मान डोलावली.

"ठरलं!" काळुरामनं हिरवीच्या पत्र्यावर थाप मारली. त्याचा चेहरा सकाळपेक्षा जास्त फुलला होता. "हिरामण, वैनीचे उपकार मान लेका. तुझे हात सलामत ऱ्हावे म्हणून बिचारीनं आपली साडी घालवली!"

"भावजींना कशाला कंपनी सोडायला लावताय?" पुतळी म्हणाली. तिनं उरलेली साडी मशीनच्या तोंडातून सोडवली आणि काळुरामच्या हातात दिली. "मशीनवर मी हुबी ऱ्हाणार. चला आता बाजारात, मला दोन पँट-शर्ट घ्यायचेत."