घासलेटचं कार्ड

राहीताईचं लग्न झालं ते साल एकोणीसशे चव्वेचाळीस. घासलेट फक्त कार्डावर मिळायचं. लग्नाच्या आठवड्यात खाकी टोपीवाला एक माणूस दारात आला. "पुरवठा कचेरीतला मी. लग्नघर आहे, दोन बाटल्या वाढवून आणतो. कार्ड द्या."

बापाने कार्ड काढलं.

आई म्हणाली, "बसा भाऊ, कोंबडी कापते."

"नको वहिनी, मी कोणाचं काय घेत नाय."

आईने बापाच्या हातातलं कार्ड ओढून कमरेला खोचलं. माणूस निघून गेला.

"साहेबाला घालवलास गो!" बाप ओरडला.

"कसला साहेब! कचेरीचा माणूस कधी कोंबडीला नाय म्हनलाय?"

शेजारच्या नवसूने मात्र त्याला कार्ड दिलं होतं. ते परत आलं नाही. पावसाळाभर आई नवसूला आमच्यातलं घासलेट देत राहिली.

आई एकोणीसशे एकाहत्तरच्या माघात वारली.