मढ्यावरचं नाव

पडद्यावर खून पडला आणि तंबूत हशा पिकला.

खुनाचं चित्र, तेही हिंदी. मुंबईत म्हणे लोकांनी ते श्वास रोखून पाहिलं होतं. लोणावळ्याच्या तंबूतही मध्यंतरापर्यंत कुणी बिडी पेटवली नव्हती. मग लोहगडाच्या पायथ्याशी जमीनदाराचं मढं सापडलं. गावची एक म्हातारी पदरानं तोंड झाकून धावत आली, मढ्यावर कोसळली आणि ऊर बडवत थेट मावळी बोलीत रडू लागली, "चिमेऽ, कशी गं गेलीस! तुज्याबिगार चूल कोन पेटवंल गंऽ!"

मढ्याला हातभर मिशा, आणि नाव चिमी! मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारे, आधी मिशी तर बघ!" झालं. खुनी कोण, याचं कुणाला काही पडलंच नाही. इन्स्पेक्टर पिस्तूल रोखून आला, तर लोक त्यालाच विचारू लागले, "चिमी सापडली का?"

नवसूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हातारी त्याची आई, लोहगडवाडीची चिमाबाई. गेल्या उन्हाळ्यात वाडीत शूटिंग झालं, तेव्हा तिला रडायला उभं केलं होतं. मुंबईच्या साहेबांना तिचे शब्द कळले नाहीत, रडणं मात्र पसंत पडलं. नवसू लोणावळ्यात ज्या हॉटेलात वेटर होता, तिथे तेव्हापासून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला होता, माझी आई सिनेमात आहे. हॉटेलचा आचारी रतन आज खास तिला बघायला आला होता.

"यातली तुझी आई कुठली रे?" हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत रतननं विचारलं.

"तिचा सीन कापलेला दिसतोय," नवसू म्हणाला आणि सगळ्यांबरोबर हसला. जरा जास्तच मोठ्यानं हसला. चिमाबाई पुढे बायकांच्या बाजूला बसली आहे, हे त्याला ठाऊक होतं.

खेळ सुटला. चिमाबाई तंबूच्या दाराशी उभी होती. मळवलीपर्यंत चालत आणि पुढे लोकलनं आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. नवसू दिसताच तिचा चेहरा उजळला.

"ही कोण रे?" रतननं विचारलं.

"गावाकडची मावशी."

इतक्या सहज बोलून गेला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. चिमाबाईनं ते ऐकलं. ती बाजूला सरकली आणि तिनं रतनला वाट करून दिली.

रतन दिसेनासा झाल्यावर नवसू तिच्यावर खेकसला, "आये, सोताच्याच नावानं रडतं व्हय कुनी? समद्या लोनावळ्यात लाज काढलीस माजी!"

चिमाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"त्यो सायब म्हनला, तुजाच ल्योक मेलाय समज, आन् नाव घिऊन रड," ती हळूच म्हणाली. "नवसानं झालास तू. मढ्यावर तुजं नाव कसं घिऊ रं? मंग माजंच घेतलं."