गुणाजीचं पथ्य

सत्यवतीने तव्यावर बांगडा सोडला आणि माजघरातल्या खाटेवरून गुणाजीचा आवाज आला.

"बांगडा हाय काय गो?"

"हाय."

"मला?"

"तुम्हाला दुधीची भाजी केलीय."

गुणाजी भिंतीकडे तोंड करून पडला होता. उभ्या बुरोंडी गावात त्याच्याइतका मासेखाऊ आणि दारूबाज माणूस नव्हता. युरिक अ‍ॅसिडने आधी पायाचा अंगठा सुजायचा, मग गुडघे धरायचे. यंदा त्याचे खडे थेट पाठीच्या मणक्यात साचले. नस दाबली गेली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि सत्यवतीला बजावलं, बांगडा, तारली, सुकट, दारू, सगळं बंद. पथ्य पाळलं तर उठतीलही.

शेजारची कमळा कोकमं मागायला आली होती. तिने खाटेवरची स्वच्छ चादर पाहिली, गोळ्यांचा डबा पाहिला.

"तुझ्यासारखी बायको मिळायला पुण्य लागतं हो, सत्यवतीबाय. दुसरी असती तर कंटाळून कायपण खायला घातलं असतंन."

"असं कसं घालीन? डॉक्टरान सांगितलान ना."

कमळा गेली. तळल्या बांगड्याचा वास घरभर झाला.

"एक तुकडा दे गो," गुणाजी म्हणाला. उभ्या संसारात तिने त्याचा असा विनवणीचा आवाज ऐकला नव्हता. "उद्या मेलो तरी चालेल."

"मरायचं नाव काढू नका. पुष्कळ जगायचंय तुम्हाला."

एकदा ताटात शेपटाकडचा तुकडा पडला म्हणून त्याने तिचं मनगट पिरगाळलं होतं. मोडलेलं हाड वाकडंच जुळलं. त्याच हाताने तिने गॅस बंद केला.

त्याची कूस बदलायची वेळ झाली होती. तिने एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि नर्सने दाखवलं होतं तसं, पाठीला जराही हिसका न देता, त्याला अलगद वळवलं. भिंतीकडचं तोंड स्वयंपाकघराकडे आलं. पाठीमागे तिने उशी घट्ट सारली, त्याला परत वळता येऊ नये अशी.

मग दारातच, त्याच्यासमोर, ताट घेऊन बसली आणि बांगड्याचं मांस मधल्या काट्यापासून सावकाश सोडवू लागली.