मी बघू का?

बायको घरूनच वेबसाइट बनवण्याचं काम करायची. सकाळी लॅपटॉपवर वेबसाइट चालवून बघायचा सर्व्हर सुरू झाला नाही, की ती गॅलरीत जाऊन टीममधल्या एकाला फोन लावायची. परत यायची तेव्हा तिचा चेहरा खुललेला असायचा. नवरा गणिताचा मास्तर. टेबलावर पेपर तपासताना त्याला गॅलरीतलं हसू ऐकू यायचं, जीव जळायचा, आणि एखाद्या पोराचा अर्धा मार्क उगाच जायचा.

सर्व्हरमध्ये हसण्यासारखं काय असतं, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंकडून त्याने मुकाट्याने सगळं शिकून घेतलं.

आज तिने फोन उचलला, तसा तो म्हणाला, "थांब. मी बघू का?"

ती गडबडली. "अहो, तुम्हाला नाही कळायचं ते."

तोवर त्याने लॅपटॉप ओढून घेतला होता. स्क्रीनवरचा लाल मजकूर त्याने शांतपणे वाचला. कालचा सर्व्हर बंदच झाला नव्हता, म्हणून नवा सुरू होत नव्हता. त्याने जुना बंद केला आणि पुन्हा सुरू केला. वेबसाइट लगेच उघडली.

"बघ, कालचा बंद केला की झालं," तो फुशारून म्हणाला. "एवढ्याशा कामासाठी त्या बिचाऱ्याला कशाला रोज त्रास द्यायचा?"

"माहीत आहे हो मला," ती बोलून गेली. मग हातातला फोन तिने हळूच टेबलावर उलटा ठेवला.