भुरीच्या कागदावर

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "इथं सही करा भाऊ. पिल्लं बंद करायचं ऑपरेशन, अर्ध्या तासाचं काम आहे. संध्याकाळी घेऊन जा."

नवलभाऊंनी पेन उचललं. भुरी त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून पडली होती. पेनाचं टोक कागदाला लागलं आणि तिथंच थांबलं.

"उद्या येतो," ते म्हणाले आणि साखळी धरून बाहेर पडले. जळगावच्या जनावरांच्या दवाखान्यातून असं परतायची ही त्यांची तिसरी खेप होती.

पिंप्राळ्याच्या कॉलनीत लोकांचा धीर सुटत चालला होता. पुन्हा पिल्लं झाली तर कुत्रीलाच लांब नेऊन सोडू, असं शेजाऱ्यांनी तोंडावर सांगितलं होतं. भुरी मूळची रस्त्यावरचीच. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर नवलभाऊंनी तिला घरात घेतलं. दिवाळीनंतर तिला सात पिल्लं झाली. दोन टँकरखाली गेली. उरलेली पाच एका सकाळी कोणीतरी पोत्यात भरून नेली. भुरी पंधरा दिवस गटारी हुंगत फिरली. तिच्या आचळांतून दूध गळायचं. फरशीवरचे ते थेंब शेवंताबाई फडक्यानं पुसायच्या, आणि पुसताना अक्षर बोलायच्या नाहीत.

बायकोच्या त्या न बोलण्याचीच नवलभाऊंना भीती वाटे.

तीस वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका दवाखान्यात शेवंताबाईंना मुलगा झाला. थोरली दिपमाला तेव्हा तीन वर्षांची होती. बाळंतपण फार अवघड गेलं. नर्स कागद घेऊन बाहेर आली. "एक मुलगी, एक मुलगा. आता ऑपरेशन करून टाकायचं ना?" नवलभाऊंनी उभ्या उभ्या सही केली. आत जाऊन बायकोला एकदा विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. मुलाचं नाव भूपेंद्र ठेवलं. सव्वा वर्षाचा झाला आणि दोन दिवसांच्या तापात गेला.

शेवंताबाई रडल्या. पण त्या सहीबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर नवलभाऊंनी पाय धरले असते. त्याची वाट बघण्यातच त्यांची उमर गेली. बारशाचं बोलावणं आलं की शेवंताबाई एकट्याच जाऊन येत, आणि आल्या आल्या झाडलेलं घर पुन्हा झाडायला घेत. घरात भूपेंद्रचं नाव निघत नसे, तरी तो नवलभाऊंच्या डोळ्यांपुढे वाढतच होता. शाळेत गेला, त्याला मिसरूड फुटलं. यंदा तो तिशीचा झाला असता. दारात चप्पल वाजली की अजूनही त्यांची मान वर व्हायची.

घरी आले तेव्हा शेवंताबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांनी तशीच परत आणलेल्या भुरीकडे पाहिलं.

"परत लई उनात तिले?"

"डॉक्टर नव्हता."

"डॉक्टरनाच फोन ऊना व्हता. तुम्ही सही करी नही म्हने." शेवंताबाई उठल्या. हात धुतले, लुगडं नीट केलं, साखळी हातात घेतली. "चला. मी करस सही."

रिक्षात दोघांच्या मध्ये भुरी बसली होती. दवाखान्यात शेवंताबाईंनी कागद ओढून घेतला आणि एकेक अक्षर जपून काढत आपलं नाव लिहिलं. मदतनीस भुरीला आत घेऊन गेला. जाता जाता तिनं एकदा मागे वळून पाहिलं. दार लागलं.

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. नवलभाऊंना बसवेना. ते उठले, पुन्हा बसले.

"शेवंता," ते एकदम म्हणाले, "धुळाले मी अशीच सही करी. तुले इचारं नही. चुकनं मन्हं."

शेवंताबाईंनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी त्या नवऱ्याकडे सरळ बघत होत्या.

"माले इचारं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्हनाआधी. डॉक्टरीनबाईनी. मीच सांगं, करी टाका, आते माले सोसावत नही."

आतून भुरीचा बारीक आवाज आला आणि थांबला.

"मंग तू बोलनी कसं नहीस? इतला वरीस?"

"कसं तोंडे बोलू?" शेवंताबाईंचा आवाज फाटला. "मीच हां म्हननू, आनी पोऱ्या गया. माले वाटे, तुम्हले ते समजेल शे. त्यानाच राग शे, म्हनीसन तुम्ही पोऱ्यानं नाव बी लेतस नही."